गाडीने की पायी? अमेरिकेतल्या सार्वजनिक जंगलात एल्कच्या शिकारीला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोलोरॅडो आणि आसपासच्या राज्यांत राहणारे बरेच मराठी लोक आता शिकारीचा परवाना काढू लागले आहेत. त्यांचे पहिले प्रश्न बंदुकीबद्दल असतात, पण खरी अडचण पुढे येते. रानात शिरायचं कसं, एटीव्ही (रानवाटांवर चालणारी छोटी उघडी गाडी) घ्यावी का, मारलेलं जनावर बाहेर आणायचं कसं? त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो : गाडी मुक्कामापर्यंत आणि ट्रेलहेडपर्यंत, म्हणजे पायवाट सुरू होते तिथपर्यंत, असावी, पुढची शिकार पायी व्हावी. असं का, ते उत्तरांतून कळेल.

शिकार म्हणजे गुन्हा ना?

भारतात, हो. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ची त्यातली दुरुस्ती यांनी तो प्रश्न तिथे मिटवला आहे. इथलं काही वाचून कुणी गावाकडे रानडुकराच्या मागे जाऊ नये.

अमेरिकेत वन्यप्राणी राज्याच्या अखत्यारीत असतात. राज्याचं वन्यजीव खातं कळपांचा अंदाज घेऊन दरवर्षी ठरावीक भागासाठी, ठरावीक हंगामासाठी परवाने देतं. परवान्यांचे पैसे, आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेला रायफली व काडतुसांवरचा ११ टक्के कर, हे दोन्ही मुख्यतः वन्यजीवांच्या कामासाठी वापरले जातात. कोलोरॅडोत एल्कची संख्या अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त आहे. एल्क सांबराच्याच कुळातलं हरीण. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे जातो. हे वजन लक्षात ठेवा, पुढे सगळा हिशेब त्यावर येणार आहे.

एच-वन-बी व्हिसावर बंदूक बाळगता येते का?

एरवी नाही. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. त्या कायद्यातच एक अपवाद आहे : अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकार परवाना जवळ असेल तर ही मनाई लागू होत नाही. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. म्हणून 'मित्राची रायफल जरा हाताळून बघतो' हेसुद्धा परवान्याआधी नको. ग्रीन कार्डवाल्यांना हा अडसर नाही. इमिग्रेशनचा मामला आहे, मनात शंका असेल तर वकिलाला विचारा, शिकारी मित्राला नको.

कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण केलेला असावा लागतो. तो कोर्स मन लावून करा.

सार्वजनिक जमीन म्हणजे नेमकी कुणाची?

केंद्र सरकारकडे सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे, देशाच्या क्षेत्रफळाच्या जवळपास २८ टक्के. महाराष्ट्राच्या आठपट मोठी. तिच्यातली सुमारे २४.५ कोटी एकर ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे, म्हणजे बीएलएमकडे आहे, आणि १९.३ कोटी एकर फॉरेस्ट सर्व्हिसकडे. शिकारी मुख्यतः या दोन खात्यांच्या जमिनीवर फिरतात. नॅशनल पार्कमध्ये सहसा शिकार चालत नाही. राज्यांच्या मालकीची जमीन वेगळी आणि तिचे नियमही वेगळे.

शिकारीचे नियम राज्य ठरवतं आणि गाडीचे नियम जमिनीचं खातं ठरवतं. नवखे लोक इथेच गोंधळतात. टॅग, म्हणजे जनावर मारायचा परवाना, खिशात आहे म्हणून एटीव्ही कुठेही घालता येत नाही.

मग गाडी नेमकी कुठे चालते?

नॅशनल फॉरेस्टमध्ये, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसच्या जंगलात, एकच कागद पाहायचा : मोटर व्हेइकल यूज मॅप. प्रत्येक रेंजर डिस्ट्रिक्टचा, म्हणजे जंगलाच्या प्रत्येक विभागाचा, असा नकाशा असतो, फुकट मिळतो, काळा-पांढरा असतो आणि दिसायला अगदी रुक्ष. पण कायदा त्यातच आहे.

यामागचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९७०च्या सुमारास होंडाने तीनचाकी एटीव्ही अमेरिकेत विकायला आणली. डर्ट बाईक आणि जीप तर आधीपासून होत्याच. रानात वाटा आपोआप पडू लागल्या. फेब्रुवारी १९७२मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढून सरकारी जमिनीवर अशा गाड्या कुठे चालाव्यात आणि कुठे नाही, हे ठरवायला खात्यांना भाग पाडलं. १९७७मध्ये कार्टर यांनी आणखी एक आदेश काढला : गाड्यांमुळे माती, झाडोरा किंवा वन्यप्राण्यांचं मोठं नुकसान होत असेल तर ती जागा लगेच बंद करावी. तरीही बऱ्याच जंगलांत 'बंद असल्याची पाटी नाही, म्हणजे खुलं' असंच चालत राहिलं. २००५मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसच्या ट्रॅव्हल मॅनेजमेंट नियमाने ते उलटं केलं. आता नकाशावर गाडीसाठी खुला दाखवलेला रस्ता, वाट किंवा भाग तेवढाच खुला. उरलेलं सगळं बंद, पाटी असो वा नसो.

नकाशातल्या तीन गोष्टी नीट बघा. पहिली, वाट कुठल्या वाहनासाठी आहे. पुष्कळ वाटा ५० इंच किंवा त्याहून कमी रुंदीच्या वाहनांसाठीच असतात. साधी एटीव्ही तिथे जाते, पण आजकालच्या बऱ्याच साईड-बाय-साईड (शेजारी-शेजारी आसनं असलेल्या रानगाड्या) त्याहून रुंद असतात. दुसरी, तारखा. काही रस्ते फक्त उन्हाळ्यात खुले असतात आणि ऐन रायफल हंगामात बंद होतात. तिसरी, कडेची मुभा. बऱ्याच जंगलांत मुक्कामासाठी रस्त्यापासून ठरावीक अंतरापर्यंत, अनेकदा ३०० फुटांपर्यंत, गाडी नेता येते. पण ही मुभा त्या रस्त्यावर खूण केलेली असेल तरच.

बीएलएमच्या जमिनीवर त्यांचे स्वतःचे ट्रॅव्हल प्लॅन असतात. जवळच्या फील्ड ऑफिसला फोन करून विचारलेलं बरं. तिथली माणसं खरोखर मदत करतात.

फोनमधल्या ॲपवर रस्ता दिसतो, जमिनीवर चाकांच्या खुणाही आहेत. मग जायला काय हरकत?

तीच तर चूक होते. ऑनएक्ससारख्या ॲपवरचा रस्ता जुन्या सर्वेक्षणातून आलेला असू शकतो, लाकूडतोडीच्या काळातला असू शकतो. जमिनीवरच्या खुणा तुमच्या आधी गेलेल्या एखाद्या नियम मोडणाऱ्याच्या असू शकतात. अधिकाऱ्यासमोर 'आधीच वाट होती' हे उत्तर चालत नाही. जास्तीत जास्त शिक्षा ५,००० डॉलर दंड किंवा सहा महिने कैद, किंवा दोन्ही.

नकाशाची पीडीएफ घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या, कारण वर रेंज नसते. अव्हेन्झासारख्या ॲपमध्ये ती उघडली की आपण कुठे उभे आहोत तेही दिसतं. छापील प्रतही पिशवीत ठेवा. थंडीत फोनची बॅटरी बघता बघता उतरते.

वाइल्डरनेस भागात काय काय बंद आहे?

वाइल्डरनेस म्हणजे रस्ते आणि वाहनांपासून कायद्याने राखून ठेवलेलं रान. तिथे चाकं असलेलं जवळपास सगळं बंद. १९६४च्या वाइल्डरनेस कायद्याने मोटर तर बंद केलीच, यांत्रिक वाहतूकही बंद केली. म्हणजे सायकल नाही, ई-बाईक नाही आणि मांस ओढून आणायची दुचाकी हातगाडीही नाही. चेनसॉ नाही. घोडा, खेचर, लामा (उंटाच्या कुळातलं ओझी वाहणारं जनावर) आणि आपले पाय चालतात. अपवाद एकच : चालता न येणाऱ्या माणसाची व्हीलचेअर.

या कल्पनेची सुरुवात न्यू मेक्सिकोतल्या हिला जंगलात झाली. तिथे १९२४मध्ये पहिला वाइल्डरनेस राखून ठेवला गेला. त्यासाठी धडपडणारा आल्डो लिओपोल्ड फॉरेस्ट सर्व्हिसचा नोकर होता आणि पक्का शिकारीही होता. मोटारींसाठी रस्ते जंगलात घुसत असलेले तो बघत होता, आणि खेचरांवर सामान लादून आठवडे-दोन आठवडे रानात राहायची जागा शिल्लक राहावी असं त्याला वाटत होतं. आज रानात पायी शिरणाऱ्या प्रत्येक शिकाऱ्यावर त्याचे उपकार आहेत, असं मी मानतो.

एक गफलत टाळा : 'रोडलेस' भाग म्हणजे वाइल्डरनेस नव्हे. रोडलेस भागात नवे रस्ते बांधण्यावर बंधन असतं, पण मोटारसायकल किंवा एटीव्हीची वाट तिथे असू शकते. पुन्हा तोच काळा-पांढरा नकाशा बघायचा.

एटीव्हीने गेलं तर एल्क मिळण्याची शक्यता वाढते का?

बहुतेक वेळा कमी होते. हे मी निव्वळ चालणाऱ्यांची बाजू घ्यायची म्हणून सांगत नाही.

ओरेगॉनच्या ईशान्येला ब्लू माउंटन्समध्ये स्टार्की नावाचं प्रायोगिक जंगल आहे. १९८७मध्ये त्याच्या सुमारे २५,००० एकरांना उंच जाळीचं कुंपण घातलं गेलं आणि आतल्या एल्क व म्यूल डिअर या दुसऱ्या जातीच्या हरणांचा माग यंत्रांनी घेतला जाऊ लागला. २००२ ते २००४मध्ये तिथे एक साधा पण फार मोलाचा प्रयोग झाला. त्याच वाटांवरून कधी एटीव्ही नेल्या, कधी माउंटन बाईक, कधी पायी चालणारी माणसं, कधी घोडेस्वार. एल्क सगळ्यांपासून लांब सरकले, पण एटीव्हीपासून सर्वांत जास्त, त्याखालोखाल सायकलींपासून. पायी माणूस आणि घोडा यांचा त्रास त्यांना कमी झाला. पळापळीत त्यांचा चरायचा वेळही घटला. म्यूल डिअरने मात्र वाटांवरच्या वर्दळीची तेवढी दखल घेतलेली दिसली नाही. म्हणून 'सगळी हरणं गाडीला भितात' असं सरसकट म्हणू नये. एल्क भितं, हे खरं.

त्याआधी १९८३मध्ये मोंटानात काम करणाऱ्या जॅक लायन या शास्त्रज्ञाने रस्त्यांच्या दाटीचा हिशेब मांडला होता. एका चौरस मैलात एक मैल खुला रस्ता असेल, तर तो भाग एल्कच्या उपयोगाचा असणं निदान २५ टक्क्यांनी कमी होतं, आणि दोन मैल रस्ता असेल तर निदान ५० टक्क्यांनी. झाडं तीच असतात, गवत तेच असतं, पण जनावर तिथे थांबत नाही.

आता हंगामाच्या पहिल्या दिवशीची पहाट डोळ्यांसमोर आणा. खालच्या तळावरून साडेचार-पाचला इंजिनं सुरू होतात, दिव्यांची रांग डोंगरधारेवर चढते. जुन्या काळी आपल्याकडे शिकारीसाठी हाका घालायचे, तसा हा न ठरवलेला हाका असतो. जनावर उठतं आणि रस्ता नसलेल्या दरीत, नाहीतर थेट खासगी रँचवर जाऊन उभं राहतं. तिथून ते हंगाम संपेपर्यंत परत येत नाही. सार्वजनिक जमिनीवरच्या शिकाऱ्यांची कायमची तक्रार असते की एल्क सगळे खासगी कुरणात गेले. त्यांना तिकडे ढकलण्यात आपला हात किती, याचा विचार त्याच शिकाऱ्यांनी करायला हवा.

पायी जाणाऱ्यांमुळेही एल्क लांब जातात ना?

जातात. स्टार्कीत तेही दिसलं. पाय आणि इंजिन यांत फरक प्रमाणाचा आहे. चालणारा माणूस एका सकाळी एक-दोन दऱ्या विस्कटतो, एटीव्हीवाला तेवढ्याच वेळात आख्खी डोंगररांग. शिवाय चालणाऱ्याला वाऱ्याशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो. पहाटे थंड हवा दरीतून खाली वाहते, ऊन चढलं की वर चढू लागते. हा बदल होईपर्यंत दम धरायचा आणि मग जनावरांच्या वरच्या अंगाने उतरायचं, हे गाडीवर बसून जमत नाही. ओली माती, ताज्या लेंड्या, झाडाच्या सालीवर शिंगं घासल्याच्या खुणा, मादीची बारीक हाक, हे सगळं ताशी दोन मैलांनी चालणाऱ्याला कळतं.

किती आत चालत जावं?

रस्त्यापासून मैलभर पलीकडे गेलात की माणसं झपाट्याने कमी होतात. दोन-तीन मैल म्हणजे बहुतेकांसाठी भरपूर. त्यापुढे जायचं की नाही हे तुमच्या पायांवर नाही, मांसाच्या हिशेबावर ठरवा. तो हिशेब खाली दिला आहे.

अंतरापेक्षा चढ-उतार महत्त्वाचा. रस्त्यापासून अर्ध्या मैलावरची, पण ८०० फूट खोल, पडलेल्या झाडांनी भरलेली घळ अनेकदा चार मैलांवरच्या सुंदर कुरणापेक्षा चांगली ठरते, कारण तिथे उतरायला कुणी धजत नाही. कधी कधी एल्क हायवेलगतच्या छोट्या झाडीत दिवसभर बसलेले असतात आणि सगळे शिकारी त्यांच्या शेजारून गाड्या दामटत वर जातात.

आणि उंची. एल्कचं रान नऊ ते अकरा हजार फुटांवर असतं. टेक्सास किंवा न्यू जर्सीहून थेट आलेल्या माणसाने पहिला दिवस मुक्कामावर पाणी पीत, आसपास फिरत काढावा. डोकेदुखी आणि मळमळ वाढत गेली तर खाली उतरावं. एल्क पुढच्या वर्षीही असतील.

गाडीवरून गोळी झाडता येते का?

नाही. कोलोरॅडोत मोटार वाहनातून किंवा वाहनावरून शिकार करणं बेकायदा आहे, आणि जनावरांना गाडीने हाकलणंही. एटीव्ही किंवा साईड-बाय-साईडवर रायफल नेताना ती चेंबर आणि मॅगझिन दोन्ही रिकामी करून पूर्ण बंद केसमध्ये असली पाहिजे. उघड्या तोंडाची म्यान चालत नाही. रस्त्याकडेला उतरून लगेच बार काढणंही चालत नाही : सार्वजनिक रस्त्याच्या मध्यरेषेपासून निदान ५० फूट दूर जावं लागतं आणि रस्त्यावरून पलीकडे गोळी झाडता येत नाही.

रायफल हंगामात कमरेच्या वर निदान ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. पायी जाणाऱ्याने तर ती मुळीच काढू नये.

इतर राज्यांत गाडीचे नियम तेच आहेत का?

नाहीत. आयडाहोचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. तिथे काही ठरावीक विभागांत राज्याचा स्वतंत्र मोटराइज्ड हंटिंग रूल आहे. एटीव्हीची वाट फॉरेस्ट सर्व्हिसने खुली ठेवलेली असली, तरी मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी गाडीचा आधार घेताना मोठ्या मोटारींना खुल्या असलेल्या रस्त्यांवरच राहावं लागतं. मारलेलं जनावर आणायला जाणं हा त्याला अपवाद. म्हणजे तीच वाट फिरायला आलेल्याला खुली आणि शिकाऱ्याला बंद असू शकते. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो, आणि कोलोरॅडोनेही त्याचा विचार करावा असं वाटतं.

निदान मांस आणायला तरी गाडी रस्ता सोडून नेता येते ना?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सर्वांत जास्त दंडही याच ठिकाणी बसतात.

२००५च्या नियमात तशी सोय आहे : जनावर कायदेशीरपणे मारणाऱ्याला ते आणण्यासाठी ठरलेल्या रस्त्यांपासून ठरावीक अंतरापर्यंत गाडी न्यायची परवानगी जंगलाचा अधिकारी देऊ शकतो. पण 'देऊ शकतो' म्हणजे दिलेलीच असते असं नाही. नियम जाहीर करतानाच म्हटलं होतं की ही मुभा जपून वापरावी. ॲरिझोनातल्या काही जंगलांनी एल्कसाठी ती दिली, कारण तिथला मुलूख बराच सपाट आणि ऊन कडक. अनेक जंगलांनी ती अजिबात दिलेली नाही. तुमच्या नकाशावर तसं लिहिलेलं नसेल तर उत्तर 'नाही' असंच समजा. वाइल्डरनेसमध्ये तर प्रश्नच उद्भवत नाही.

'एकदाच तर जाणार, त्याने काय होतं' असं पुष्कळ जण म्हणतात. ओल्या कुरणातून ३०० किलोंचं ओझं लादलेली एटीव्ही एकदा गेली की दोन चर पडतात. पुढच्या पावसात पाणी त्या चरांतून वाहू लागतं, कुरण कडेने सुकतं, आणि चाकांना चिकटून आलेलं नॅपवीड किंवा चीटग्रास या उपऱ्या तणांचं बी त्या उघड्या मातीत रुजतं. दुसऱ्या वर्षी कुणालातरी ती 'वाट' दिसते. झाडरेषेच्या वर, टुंड्रात, असा ओरखडा भरून यायला माणसाचं आयुष्यही कमी पडेल. मला याचा राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही. ज्या कुरणाने ते जनावर पोसलं तेच आपण चिरून ठेवतो.

मग ३०० किलोंचं जनावर पाठीवर आणायचं कसं?

तुकडे करून, आणि गोळी झाडण्याआधी हिशेब करून.

सगळं जनावर कुणी आणत नाही. जागेवरच कातडं सोलून, पोट न उघडता चारही पाय सोडवायचे, पाठीच्या दोन्ही मांसपट्ट्या काढायच्या, मानेचं आणि बरगड्यांवरचं मांस काढायचं, शेवटी आतल्या दोन कोवळ्या पट्ट्या. मोठ्या नराची हाडासकट मागची एक मांडी ३० किलोंच्या आसपास भरते, पुढचा फरा २० किलोंच्या आसपास. सगळी हाडं काढली तरी ८० ते ११० किलो मांस उरतं. शिंगं आणि डोकं हवं असेल तर ते वेगळं ओझं.

आता एकटा माणूस, पाच खेपा, रस्ता तीन मैलांवर. पाच वेळा ओझं घेऊन बाहेर : १५ मैल. मधल्या चार वेळा रिकाम्या हाताने परत आत : १२ मैल. एकूण २७ मैल, दहा हजार फुटांवर, त्यातले १५ पाठीवर २५-३० किलो घेऊन. म्हणजे निदान दोन दिवस. तिघे असाल तर तेच काम दीड-दोन खेपांत होतं. म्हणून एकट्याने पाच मैल आत जाऊन नर मारणाऱ्याचं मला कौतुक वाटत नाही. सप्टेंबरच्या उन्हात तिथलं अर्धं मांस वाया जाण्याची शक्यता असते. कोलोरॅडोत खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते पापच.

मांस उष्णतेने बिघडतं, त्यातही आधी मांडीच्या खुब्याभोवती, कारण तिथे हाडाशी ऊब कोंडून राहते. म्हणून कातडं ताबडतोब काढा, मांडी खुब्यापासून लगेच सोडवा. हवा जाईल अशा कापडी पिशव्यांत भरून सावलीत टांगा, प्लॅस्टिकमध्ये कधीच भरू नका. ओढ्याकाठची उत्तरेकडची उतरण सर्वांत थंड असते. उरलेला सांगाडा आणि मांस यांत अंतर ठेवा, वासावर अस्वल येतं. जनावराचं लिंग ओळखू येईल असा अवयव मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो, हाडं काढताना हे विसरू नका.

ओझ्यासाठी खास फ्रेमची पिशवी लागते. सह्याद्रीत ट्रेकला नेतो ती सॅक इथे पुरत नाही, तिचे पट्टे ३० किलोंखाली खांदा कापतात. ट्रेकिंगच्या दोन काठ्या मात्र न चुकता घ्या.

घोडे, खेचरं, लामा?

फार चांगला मार्ग, आणि आधी ठरवलं तर परवडणारा. अनेक गावांत पॅकर, म्हणजे जनावरांवर ओझी वाहून नेणारे, फक्त मांस बाहेर आणून देण्याचं काम घेतात. हंगामाआधी फोन करून ठेवा. पैसे घेऊन असं काम करणाऱ्याकडे जंगलखात्याचा परवाना असावा लागतो, तेही विचारून घ्या. तुम्ही स्वतः जनावरं नेणार असाल तर कोलोरॅडोच्या नॅशनल फॉरेस्टमध्ये तणमुक्त असल्याचं प्रमाणपत्र असलेलाच चारा लागतो. घोड्यांची सवय नसलेल्याने लामा भाड्याने घ्यावेत, ते शांत असतात.

ई-बाईक चालते का? तिला आवाज तर नसतो.

फॉरेस्ट सर्व्हिसच्या लेखी ई-बाईक हे मोटर वाहनच आहे, त्यामुळे ती मोटरच्या वाटांवरच. बीएलएमच्या काही वाटांवर स्थानिक अधिकाऱ्याने ठरवलं असेल तर तिला परवानगी असते. आणि आवाज नसला म्हणून एल्कला पत्ता लागत नाही असं नाही. स्टार्कीत बिनमोटरच्या सायकलींपासूनही ते लांब गेलेच होते. बंद केलेल्या जुन्या रस्त्यांवर तिला मुभा असेल तिथे ती उपयोगी पडते, हे मान्य.

ज्यांना चालवत नाही त्यांनी काय करायचं? पायी चालण्याचा आग्रह हा तरुणांचा हट्ट नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. सत्तरीतला माणूस, गुडघे बदललेला माणूस, अपघातात पाय गमावलेला सैनिक, यांचाही या जमिनीवर तितकाच हक्क आहे. खुल्या रस्त्यांचं आणि एटीव्हीच्या वाटांचं जाळं कोलोरॅडोत कमी नाही, आणि ते तसंच राहावं. अपंग शिकाऱ्यांना राज्य खास परवाना देतं, त्याने थांबलेल्या वाहनातून गोळी झाडता येते. त्यांच्यासाठी माझा सल्ला उलटा आहे : पहाटे खुल्या वाटेने अंधारातच एका चांगल्या जागी पोचा, इंजिन बंद करा, आणि दिवसभर तिथेच बसा. इतर लोक फिरफिरून जनावरं हलवतात, ती बसलेल्याकडे येतात. वडीलधाऱ्यांना अशा जागी बसवून तरुणांनी मांस वाहायचं, ही वाटणी मला फार आवडते.

एटीव्हीवाले शिकारी वाईट असतात का?

नाही, आणि तसं बोलणं थांबायला हवं. ओएचव्हीच्या, म्हणजे रानात चालणाऱ्या अशा गाड्यांच्या, स्टिकरसाठी ते जे पैसे भरतात, त्यातून वाटांची डागडुजी होते. वादळात पडलेली झाडं कापून रस्ते मोकळे करणाऱ्यांत त्यांचे क्लब असतात. रानात गाडी रुतली की थांबतातही तेच. गैरवापराला कंटाळलेल्या शिकाऱ्यांनी २००४मध्ये ओरेगॉनमध्ये बॅककंट्री हंटर्स अँड अँगलर्स ही संस्था सुरू केली, आणि गाडीवाल्यांची बाजू मांडणारी ब्लूरिबन कोअलिशन आयडाहोत १९८७पासून आहे. दोघांचं भांडण जुनं आहे. पण नकाशाबाहेर जाणारा माणूस दोघांचंही नुकसान करतो. त्याच्यामुळे वाटा बंद होतात, आणि त्या नियम पाळणाऱ्यांसाठी बंद होतात.

वाटेत एटीव्ही आली तर बाजूला व्हा, हात करा. तुम्ही गाडीवर असाल आणि समोर चालणारा दिसला तर वेग कमी करा, घोडे असतील तर इंजिनच बंद करा.

दोन सरकारी चौकोन फक्त कोपऱ्याला टेकलेले असतील तर एकातून दुसऱ्यात पायी जाता येतं का?

पश्चिमेकडे सरकारी आणि खासगी जमीन अनेक ठिकाणी बुद्धिबळाच्या पटासारखी आहे. वायोमिंगमध्ये काही शिकाऱ्यांनी खासगी जमिनीला पाय न लावता, शिडी वापरून असा कोपरा ओलांडला आणि जमीनमालकाने खटला भरला. मार्च २०२५मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यासाठी सरकारी जमिनीची वाट अडवण्यास मनाई करणाऱ्या १८८५च्या कायद्याचा आधार घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला. हा निकाल वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमा या राज्यांना लागू आहे. मोंटाना आणि आयडाहो त्यात नाहीत. आणि हे सगळं पायी जाणाऱ्यापुरतंच : खासगी जमिनीला न शिवता कोपऱ्यावरून गाडी काढता येत नाही.

बंद वाटेवर कुणी गाडी घातलेली दिसली तर?

स्वतः भांडायला जाऊ नका, समोरच्याकडेही बंदूक आहे. वेळ, जागा, गाडीचा रंग आणि स्टिकरचा नंबर टिपून ठेवा, चाकांच्या खुणांचा फोटो काढा. नंतर रेंजर डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला कळवा. शिकारीचा नियमही मोडला असेल तर कोलोरॅडोची ऑपरेशन गेम थीफ ही हॉटलाइन आहे, तिथे नाव न सांगता तक्रार करता येते. तिचा नंबर राज्याच्या शिकार पुस्तिकेत असतो. रेंज मिळेपर्यंत वाट बघावी लागेल, म्हणून सगळं कागदावर लिहून ठेवा.